पर्यावरण-निधीतील कपात वाचायला शिकताना

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना पुढे आपण पाण्याचे नमुने तपासू किंवा जंगलात काम करू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षे माझा बराचसा वेळ लेखाशीर्षे (सरकारी खर्च ज्या ठरलेल्या क्रमांकांखाली नोंदतात ती शीर्षे), शासन निर्णय आणि विनियोजन लेखे (मंजूर तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांचा वर्षअखेरचा हिशेब) वाचण्यात जातो. या कामाकडे वळू पाहणारे विद्यार्थी अधूनमधून भेटतात आणि सुरुवात कुठून करावी, हे विचारतात. त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

विदर्भातील एका वनपरिक्षेत्रात मी पहिल्या नोकरीच्या निमित्ताने मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. संरक्षण कुटीवर दोन हंगामी वनमजूर होते. त्यांच्यापैकी एकाने आपली हजेरीची वही उघडून दाखवली. प्रत्येक दिवसापुढे निळ्या शाईची खूण होती आणि डिसेंबरपासूनच्या मजुरीच्या रकान्यात काहीच नव्हते. कुटीच्या मागून जाणाऱ्या जाळरेषेवर, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यावर, कमरेएवढे वाळलेले गवत उभे होते. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्यामुळे जाळरेषा त्याआधी कापून, जाळून साफ झालेली असावी लागते. निधी आला नव्हता, म्हणून मजूर लावता आले नव्हते. पुढे तो निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि ३१ तारखेच्या आत खर्चीही पडला. वर्षअखेरच्या हिशेबात त्या शीर्षाखाली पूर्ण तरतूद, पूर्ण खर्च असेच दिसत होते. कागदावर कपात नव्हती. त्या वर्षी जंगल मात्र जळले होते.

कपात म्हणजे केवळ मागील वर्षापेक्षा लहान झालेला आकडा नव्हे, हे मला त्या परिक्षेत्रात कळले. म्हणून नवोदितांनी पहिली सवय लावून घ्यावी ती तीन स्तंभ एकत्र वाचण्याची: अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद), सुधारित अंदाज (वर्षाच्या मध्यावर बदललेला आकडा) आणि प्रत्यक्ष खर्च. वृत्तपत्रांत १ फेब्रुवारीनंतर जे छापून येते, तो बहुधा पहिला स्तंभ असतो. व्याघ्र प्रकल्पाची केंद्रीय तरतूद २०१९-२० मध्ये ३५० कोटी, २०२०-२१ मध्ये ३०० कोटी आणि २०२१-२२ मध्ये २५० कोटी रुपये होती. ही उतरण कोणालाही दिसते. मात्र २०२३-२४ मध्ये व्याघ्र आणि हत्ती हे दोन्ही प्रकल्प एकाच ओळीत आले. त्यामुळे त्यानंतरच्या आकड्याची तुलना करताना आधीच्या वर्षांच्या दोन्ही ओळींची बेरीज घ्यावी लागते. ही बेरीज न केल्यामुळे वाढ झाल्याचा चुकीचा निष्कर्ष काढलेला मी अनेकदा पाहिला आहे. शिवाय या योजनेत आवर्ती (दरवर्षी होणाऱ्या) खर्चाचा निम्मा आणि अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याने उचलायचा असतो. म्हणून केंद्राचा हप्ता उशिरा आला की राज्याचा वाटाही अडकतो आणि त्याचा भार अखेर कुटीवरच्या माणसावर पडतो.

दुसरे उदाहरण हवेचे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२४-२५ साठी ‘प्रदूषण नियंत्रण’ या योजनेखाली ८५८ कोटी रुपये ठेवले होते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमासाठीचा मंत्रालयाचा निधी याच शीर्षातून जातो आणि महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर ही शहरे त्या कार्यक्रमात आहेत. जानेवारी २०२५ पर्यंत त्यांपैकी केवळ ७.२२ कोटी खर्च झाले होते, कारण योजना पुढे चालू ठेवण्याची मंजुरीच मिळालेली नव्हती. संसदीय स्थायी समितीच्या अहवालात हे नोंदले गेले, म्हणून आपल्याला कळले. तरतूद असूनही पैसा न हलणे ही माझ्या मते सर्वांत घातक कपात आहे, कारण तिच्याविरुद्ध बोलण्याची संधी सभागृहातही क्वचितच मिळते.

कपातीचा आणखी एक प्रकार अर्थसंकल्पाबाहेर घडतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांना पाणी उपकरातून (उद्योग व स्थानिक संस्थांच्या पाणीवापरावरच्या करातून) मोठा वाटा परत मिळत असे. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. कोळशावरील उपकर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ४०० झाला. २०१७-१८ पर्यंत त्यातून ८६ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली, तरी या उपकरातून उभारलेल्या स्वच्छ ऊर्जा निधीतून प्रकल्पांवर सुमारे १६ हजार कोटीच खर्च झाले. पुढे हा उपकर वस्तू व सेवा करामुळे राज्यांच्या घटलेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळला. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत गणल्या गेलेल्या चंद्रपुरात बसून हे आकडे वाचताना मला फार वाईट वाटले होते. कोळसा इथल्या जमिनीतून निघतो आणि त्याची राख इथल्याच घरांवर बसते.

अभ्यासाची सुरुवात एका योजनेपासून आणि एका जिल्ह्यापासून करावी. संपूर्ण मंत्रालय हाती घेऊ नये; २०२५-२६ मध्ये त्याची तरतूद ३,४१२.८२ कोटी होती, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चातील १०० रुपयांमागे सात पैशांहूनही कमी. हा आकडा भाषणाला उपयोगी आहे, विश्लेषणाला अपुरा आहे, कारण नदीशुद्धीकरणासारखा मोठा खर्च जलशक्ती मंत्रालयाकडे असतो. राज्याच्या अर्थसंकल्पात ३४३५ (परिस्थितिकी व पर्यावरण) आणि २४०६ (वनीकरण व वन्यजीवन) ही मुख्य लेखाशीर्षे ओळखीची करून घ्यावीत. त्यानंतर ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर निधी केव्हा वितरित झाला, हे तारखेनिशी पाहावे. वित्त विभागाची परिपत्रके चुकवू नयेत. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकास योजनांचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला आणि नव्या पदभरतीवर बंदी घातली. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मात्र आधीचाच आकडा छापलेला होता.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे ही शिकण्यासारखी कला आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. माझे पहिले काही अर्ज ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ या उत्तरासह परत आले, कारण मी ‘वणव्यासाठी किती निधी मिळाला’ असे मोघम विचारत होतो. लेखाशीर्ष, वर्ष, वितरण आदेशाचा दिनांक आणि प्रमाणकाची (खर्चाच्या पावतीची) प्रत, असे नेमके मागू लागलो, तेव्हा कागद मिळू लागले.

नोकरीविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर हे काम देणाऱ्या संस्था थोड्या आहेत आणि नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्या असतात. धोरण संशोधन संस्था, पत्रकारिता, लोकप्रतिनिधींचे अभ्यास-साहाय्यक अशा वाटा आहेत. मुलाखतीत पदवीपेक्षा आपण स्वतः केलेल्या एखाद्या तक्त्याविषयी अधिक विचारले जाते, असा माझा अनुभव आहे. तक्ता करताना वितरणाच्या तारखेचा स्तंभ जरूर ठेवावा आणि त्याच्या शेजारी ते काम जागेवर केव्हा व्हायला हवे होते, ती तारीख लिहावी. ही दुसरी तारीख कोणत्याही दस्तऐवजात मिळत नाही. ती वनरक्षक, मजूर, प्रयोगशाळेतील नमुना घेणारा कर्मचारी यांच्याकडून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्यांच्याकडे निवांत वेळ काढून जावे लागते. मी आजही दरवर्षी जानेवारीत त्या कुटीवर जातो, आधी जाळरेषा पाहतो आणि मगच संगणक उघडतो.