तुरुंगातून दिवाणी अपील करायचे, तर मुदत कशी सांभाळावी

फौजदारी शिक्षेवर अपील करायचे असेल तर बंद्याने अर्ज तुरुंग अधीक्षकांच्या हाती दिला तरी चालतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ मध्ये तशी सोय होती आणि नव्या कायद्यातही ती राहिली. गोंधळ होतो तो इथेच. वाटणी, ताबा, उसनवारी, घरभाडे असल्या दिवाणी दाव्यात ही सोय नाही. रावेरच्या केळीच्या शेताचा निकाल विरुद्ध गेला, माणूस नाशिकरोडच्या तुरुंगात, आणि अपिलाचा कागद जेलच्या ऑफिसात पडून राहिला, तर मुदत काही थांबत नाही. कागद कोर्टात दाखल झाला ती तारीख धरतात.

जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. जळगाव, धुळे, नंदुरबारची उच्च न्यायालयातली प्रकरणे औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. अमळनेर, भुसावळलाही जिल्हा न्यायाधीश बसतात, म्हणून अपील नेमके कुठे लावायचे ते वकिलाला आधीच विचारून घ्यावे. ‘आत होतो तेवढे दिवस आपोआप वजा होतात’ हा समज चुकीचा आहे. मुदत कायद्याच्या कलम ६ ची सवलत अज्ञान (१८ वर्षांखालील) आणि वेडसर माणसासाठी आहे. तिच्यात कैदी येत नाही आणि अपिलाला ती लागूही होत नाही.

निकाल कळला की पहिले काम नकलेचा अर्ज. बाहेरचा भाऊ, बायको, ज्युनिअर वकील, कोणीही धावू शकतो, पण त्याच आठवड्यात. निकाल आणि हुकूमनामा (निकालावरून कोर्ट काढते तो औपचारिक आदेश, म्हणजे डिक्री) दोन्हींच्या सही-शिक्क्याच्या नकला मागाव्यात. दावा नंबर माहीत नसेल तर ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोधून १६ अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढता येतो. नकलेच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. सगळा हिशेब त्यांच्यावर. समजा निकाल ३ जूनचा. तो दिवस सोडून ३० दिवस ३ जुलैला भरतात. अर्ज १० जूनला केला, नक्कल २१ ला तयार झाली, तर ते १२ दिवस वजा होतात आणि शेवटची तारीख १५ जुलै येते. मात्र तयार नक्कल कोणी नेलीच नाही, तर ते पडून राहिलेले दिवस वजा होत नाहीत. अर्ज करण्याआधी हुकूमनामा तयार व्हायला कोर्टाने घेतलेला वेळही धरत नाहीत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, पण त्यावर विसंबू नये.

वकीलपत्र मुलाखतीच्या दिवशी आत न्यायचे. बंद्याची सही, किंवा डाव्या हाताचा अंगठा, अधिकाऱ्यासमोर घ्यावा आणि खाली त्यांची सही-शिक्का, तारीख असावी. शिक्का राहिला की कोर्टात हरकत निघते आणि पुन्हा एक फेरी पडते. सोबत विलंबमाफी व स्थगितीच्या अर्जांवर, प्रतिज्ञापत्रावरही सह्या त्याच वेळी घ्याव्यात. ‘संचित रजा (फर्लो, शिक्षेच्या कैद्याला मिळणारी सुट्टी) मिळाली की बाहेर येऊन करू’ हा बेत बहुतेकदा मुदत घालवतो.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला, मग कच्चा कैदी असो की शिक्षेचा, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज अधीक्षकांमार्फत जातो, तुरुंगातल्या विधी सहायकाकडेही देता येतो, घरच्यांना १५१०० वर फोन करता येतो. अर्ज तुरुंगातून बाहेर गेल्याचा जावक क्रमांक मात्र मागून घ्यावा, पुढे तोच कामी येतो.

मुदत टळलीच तर अपिलासोबतच मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज लागतो. ‘अर्जदार तुरुंगात होता’ एवढ्या एका ओळीवर माफी मागणे म्हणजे समोरच्या वकिलाला हरकतीला जागा देणे. निकाल कधी कळला, कोणी कळवला, नक्कल कधी मागितली, विधी सेवेचा अर्ज कधी गेला, वकील कधी नेमला, हे तारखेनिशी लिहावे. सोबत अधीक्षकांचा कोठडीच्या तारखांचा दाखला आणि जावक क्रमांक जोडावा.

अपील दाखल झाले म्हणजे ताबा थांबला असे नाही. समोरच्याने दरखास्त (हुकूमनामा अंमलात आणायचा अर्ज) लावली की बेलिफ शेतावर येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ५ खाली स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट रक्कम भरायला किंवा जामीन द्यायला सांगू शकते, तेव्हा घरच्यांनी आधी जुळवाजुळव करून ठेवावी.

निकाल एकतर्फी, म्हणजे आपण हजर नसताना झालेला असेल तर आधी समन्स पाहावे. बंद्याचे समन्स तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फत बजावायचे असते. ते गावच्या दारावर चिकटवून बजावणी दाखवली असेल, तर ऑर्डर ९ नियम १३ खाली निकाल रद्द करायचा अर्ज करता येतो. नीट बजावणी झालेली नसेल तर त्याचे ३० दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. पण त्याच निकालावरचे अपील आधी फेटाळले गेले, तर ही वाट बंद होते.