ट्रकवर येणाऱ्या पोरांसाठी: गेट, काटा आणि चौक

हेवी लायसनची तयारी करणारी पोरं भेटली की त्यांचे सगळे प्रश्न गाडीचे असतात. घाटात गियर कधी पाडायचा, ब्रेक किती दाबायचा, ट्रेलर मागे घेताना कुठला आरसा बघायचा. हे सगळं हाताला बसतं, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. पुण्याच्या आसपास ही लाइन करताना डोकं उठतं ते गाडी उभी असते तेव्हा. कंपनीच्या गेटवर, वजनकाट्यावर, हमालांच्या टोळीसमोर, चौकात. तिथे भेटणाऱ्या माणसांशी कसं वागायचं हे कुठल्याच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत, आणि चांगला हात असलेली पोरं लाइन सोडतात ती बहुतेक वेळा या माणसांपायीच. म्हणून हे लिहितोय.

आधी लायसनचं उरकतो. चारचाकीचं लायसन हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसनही मिळत नाही. वय २० पूर्ण लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. लायसनची मुदत पाच वर्षं, आणि गॅस, केमिकल, पेट्रोल असा धोक्याचा माल न्यायचा असेल तर तीन वर्षं. त्यासाठी वेगळं ट्रेनिंग आहे. भोसरीला सीआयआरटीची (केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेची) आयडीटीआर ही ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था आहे, तिथे नीट आखलेला ट्रॅक आहे. जमलं तर तिथे शिका. गल्लीतल्या स्कूलमध्ये जुन्या गाडीवर चार चकरा मारून लायसन हातात येतं, पण लोड गाडी उतारावर काय करते हे कळत नाही.

आता गेट. चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी, कुठेही जा, गाडी भरायला आणि खाली करायला जो वेळ जातो तो चालवण्याच्या वेळेपेक्षा जास्त. एकदा शनिवारी संध्याकाळी पत्र्याची कॉइल घेऊन चाकणच्या एका कारखान्यात पोचलो. गेटवर सेफ्टी बूट बघितले, हेल्मेट बघितलं, चाकाला ओंडके लावून घेतले आणि चावी जमा करून घेतली. तासाभराने स्टोअरचा माणूस आला. म्हणाला, "आज उतरणार नाही, सोमवारी बघू."

"साहेब, तुमच्याच पर्चेसवाल्यांनी दोनदा फोन करून गाडी मागवलीय. अर्जंट म्हणाले."

"मग पर्चेसला विचारा."

पर्चेसचा फोन बंद. वर सिक्युरिटीचं म्हणणं असं, की रात्री ड्रायव्हरला आवारात थांबता येणार नाही, नियम आहे. म्हणजे गाडी आत, चावी आत, माझं अंथरूण, डबा, कपडे सगळं केबिनमध्ये, आणि मी गेटच्या बाहेर रस्त्यावर. मी म्हटलं, निदान गाडी तरी बाहेर काढू द्या. तर गेटपासवर एंट्री झाली होती, माल उतरल्याशिवाय एक्झिट होत नाही. शेवटी समोरच्या टपरीवाल्या मावशींनी बाकडं दिलं झोपायला, आणि सकाळी त्यांच्या घरामागच्या नळावर आंघोळही करू दिली. त्यांच्या टपरीत असे अडकलेले ड्रायव्हर दर आठवड्याला येतात असं त्या सांगत होत्या.

अशा वेळी भांडून उपयोग होत नाही, पण कागद करून ठेवायचा. गेटवर पोचल्यापोचल्या बिल्टीच्या (मालासोबतच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या) मागे आत येण्याची वेळ लिहून सही-शिक्का मागायचा. देत नसतील तर टोकनचा आणि गेटच्या घड्याळाचा फोटो काढून लगेच शेठला पाठवायचा. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून उभी राहिल्याचे, पैसे पुढे या फोटोवर मिळतात, तोंडी सांगण्यावर मिळत नाहीत. आणि निघण्याआधी शेठशी ठरवून घ्या: गाडी किती तास उभी राहिली की हॉल्टिंग सुरू, त्यातलं ड्रायव्हरला किती. हे न ठरवता बसलात तर मालकाला हॉल्टिंग मिळतं आणि तुम्हाला रोजचा भत्ताच.

संडासाबद्दल सांगितलंच पाहिजे. कोट्यवधींचा माल आपण वेळेवर पोचवतो आणि गेटवर विचारलं तर उत्तर मिळतं, "तो स्टाफसाठी आहे." सगळीकडे नाही, काही कंपन्यांनी ड्रायव्हरसाठी खोली, पंखा, पिण्याचं पाणी, संडास असं नीट केलंय, तिथे गेलं की बरं वाटतं. पण बऱ्याच ठिकाणी आजही माणूस कुंपणाच्या कडेला जातो. मला याची सवय झालेली नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. नम्रपणे मागा, दर वेळी मागा.

माल उतरल्यावर दुसरं नाटक सुरू होतं ते शॉर्टेजचं. मोजणारा म्हणतो, एक बॉक्स कमी आहे. कंटेनर सील असेल तर तुमचा काही संबंध नाही, पण ते सिद्ध कसं करणार? गाडी भरल्यावर सीलचा नंबर बिल्टीवर लिहून घ्या. उतरवताना सील तोडायच्या आधी नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) "सील शाबूत मिळाले" असं लिहिल्याशिवाय तुमची सही करू नका. सुपरवायझर म्हणेल, "कर रे सही, फॉर्मॅलिटी आहे." त्या फॉर्मॅलिटीवरच पुढच्या महिन्यात पगार कापला जातो.

हमालीचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. माथाडी कायदा १९६९ चा. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला हक्काची मजुरी, भविष्य निर्वाह निधी मिळावा म्हणून तो आला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांचा लढा होता. मार्केट यार्डात पहाटे कांद्याची गाडी खाली करणाऱ्या माणसांचे खांदे बघितले की कायदा का लागतो ते कळतं. त्रास आहे तो वाराईचा. माल ज्याचा त्याने हमालाला मजुरी दिली, तरी वर गाडीवाल्याकडून वेगळे पैसे मागतात. क्रेनने माल उतरला, कुणी बोटही लावलं नाही, तरी चार पोरं येऊन उभी राहतात. वाहतूकदारांनी यासाठीच "ज्याचा माल त्याचा हमाल" ही घोषणा काढली. नवीन माणसाला माझं सांगणं एवढंच: टोळीच्या मुकादमाला भेटा, "दादा, माथाडी बोर्डाची पावती मिळेल का?" असं विचारा. खरी टोळी असेल तर पावती मिळते आणि बोलणंही सरळ होतं. पावती नाही म्हटलं की तिथूनच शेठला फोन लावून त्यांच्याच हातात द्या. खिशातून पैसे काढू नका. एकदा काढले की पुढच्या वेळी ते तुमच्या गाडीचा नंबर ओळखतात.

काट्यावर फार वेळ घालवत नाही. दहा चाकीचं पासिंग, म्हणजे मंजूर वजन, गाडीसकट २८.५ टन. शेठ किंवा माल देणारा म्हणतो, "भर रे, दोन टनाने काय होतंय." पकडलं तर दंड २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. कलम चालवणाऱ्यालाही लागतं. भरल्यावर काटा पावती घ्या, आकडा बघा, जास्त असेल तर तिथेच थांबा. आवाराबाहेर पडल्यावर ती तुमची डोकेदुखी.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, मात्र नीट समजून घ्या, कारण ते शिकलेल्या ड्रायव्हरलाही अडकवतं. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांवरच्या मालाला ते लागतं आणि साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. न्हावाशेव्याहून रांजणगावला येणारा कंटेनर खंडाळ्याच्या घाटात रात्रभर अडकला, मग गेटवर गाडी घेईनात, की मुदत संपली. वाटेत तपासणीला अडवलं आणि मुदत संपलेली निघाली तर माल आणि गाडी दोन्ही अटकवतात. संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास, या वेळात मुदत वाढवून मिळते. ते काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसलेला माणूस करतो, पण वेळेवर फोन तुम्हालाच करावा लागतो. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलावर नव्या गाडीचा नंबर चढवल्याशिवाय हलू नका.

आता रस्त्यावरची माणसं. रात्रीच्या वेळी शेजारून मोटारसायकल येते, मागचा पोरगा ओरडतो, "मामा, टायरमधून धूर निघतोय!" खरंही असू शकतं, ब्रेक चिकटला की लायनर जळतो. पण ताडपत्री फाडणाऱ्यांची आणि डिझेल काढणाऱ्यांचीही हीच पद्धत आहे. आरशात बघा, जळका वास येतोय का बघा, आणि सावकाश उजेडाच्या ठिकाणी न्या: टोलनाका, पेट्रोलपंप, गर्दीचा ढाबा. अंधारात, घाटाच्या वळणावर, सांगणाऱ्याच्या शब्दावर उतरायचं नाही. खरोखर आग दिसली तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच कडेला घ्या.

चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी जा, म्हणजे दुसरा प्रकार दिसेल. सिग्नल सुटायच्या आत दुचाकीवाले गाडीच्या डाव्या अंगाला, अगदी पुढच्या चाकाजवळ येऊन उभे राहतात. केबिनमधून ते दिसत नाहीत. मोबाइलवर बोलणारा पोरगा, मागे डबा घेतलेली त्याची बायको, मध्ये लहान मूल. त्यांना वाटतं, ड्रायव्हर उंचावर बसलाय म्हणजे त्याला सगळं दिसतं. त्यांच्यावर ओरडू नका. क्लीनर सोबत असेल तर डावीकडे वळताना त्याला खाली उतरवा, नसेल तर खिडकीच्या बाजूला वाकून बघितल्याशिवाय चाक हलवू नका. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

आणखी एक प्रकार होतो. स्कूटर हळूच बंपरला टेकते, स्वार पडतो, आणि दोन मिनिटांत त्याचे "भाऊ" येतात. "पोलीस कशाला, पाच हजार दे, मिटवू." त्या माणसाला खरंच लागलंय का ते आधी बघा, लागलं असेल तर रुग्णवाहिका बोलवा. मग ११२ ला तुम्हीच फोन लावा. ज्यांना पैसेच हवे असतात ते पोलीस येतायत म्हटल्यावर घाईत निघून जातात, असं मी डोळ्यांनी बघितलंय. काचेवर कॅमेरा लावायला शेठला सांगा. नाही म्हणाला तर स्वतःच्या पैशाने लावा.

नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार यात कसा आला म्हणाल, तर तिथलं संकटही एका माणसापासून सुरू होतं. ढाब्यावर कुणीतरी जुना उस्ताद प्रेमाने सांगतो, "बोगद्यानंतर न्यूट्रल टाक, डिझेल वाचतं." त्याच्या वयाचा मान ठेवा, चहाचे पैसे तुम्ही द्या, पण हे ऐकू नका. गियर निघाला की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर जातो, ब्रेक तापतात आणि पकड सुटते. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा उतरते आणि स्टिअरिंग जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका जड गाडीने कितीतरी गाड्यांना ठोकरलं. खालचा गियर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी धरणारा) आणि ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर. डिझेलचा हिशोब शेठ मागेल, तेव्हा या उताराचं नाव घ्या.

आषाढी वारीच्या पालख्या निघाल्या की दिवे घाट आणि आसपासचे रस्ते वळवतात. आदल्या दिवशी चौकशी करूनच भाडं घ्या. वारकरी हात करतात, "माउली, पुढच्या मुक्कामापर्यंत सोडा." मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत, काही झालं तर विमा हात वर करतो. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणताना जीव तुटतो. मी पाण्याचा कॅन आणि बिस्किटांचे पुडे केबिनमध्ये ठेवतो, तेवढं तरी देता येतं.

शेवटचं अपघाताचं. जानेवारी २०२४ मध्ये नव्या कायद्यातल्या (भारतीय न्याय संहितेतल्या), अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध देशभर ड्रायव्हर रस्त्यावर आले, पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम, १०६ मधलं दुसरं, सरकारने अजून लागू केलेलं नाही. पण जुना मोटार वाहन कायदा आहेच, आणि त्याचं कलम १३४ प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पाठ हवं. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे ड्रायव्हरचं काम आहे. जमाव चिडला असेल आणि थांबणं शक्य नसेल तर त्यात सूट आहे, मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जाऊन सांगावं लागतं. गाव सोडून पळालेल्या पोरांना मी बघितलंय. चूक समोरच्याची असूनही पळाल्यामुळे ती यांच्या अंगावर आली. म्हणून जीव वाचवायला गाडीतून उतरून निघावं लागलं तरी पाय ठाण्याकडे वळवा. गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ सांगा, स्टेशन डायरीत नोंद करून घ्या, नोंदीचा नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. शेठला फोन त्यानंतर.