सबूटिओच्या स्वॅपमीटला निघालात? या चुका टाळा

बोटाच्या टिचकीने खेळायचा टेबल फुटबॉल म्हणजे सबूटिओ. पीटर अ‍ॅडॉल्फ यांनी तो १९४७ साली इंग्लंडमधल्या केंटमधून विकायला सुरुवात केली. खेळाचं नाव त्यांना 'हॉबी' ठेवायचं होतं, पण ते नोंदवून मिळेना. तेव्हा हॉबी याच नावाच्या ससाण्याचं शास्त्रीय नाव, 'फाल्को सबूटिओ', त्यांनी शोधलं आणि त्यातला दुसरा शब्द उचलला. कॅरमवर वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाचं बोट या खेळात लगेच रमतं. इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून जुने संच जमवण्याचा नाद लागला आणि रविवारच्या सकाळी छोट्या हॉलमधल्या स्वॅपमीटला, म्हणजे जुने संच विकण्या-बदलण्याच्या टेबलांपुढे, जाऊ लागल्या. तिथे होणाऱ्या चुका बहुतेक घाईतून होतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे डब्यावरचा नंबर वाचून संघ घेणं. प्रत्येक रंगसंगतीला नंबर असतो: १ म्हणजे लाल शर्ट, पांढरी चड्डी, २ म्हणजे निळा शर्ट, पांढरी चड्डी. एकच संच त्या रंगाच्या अनेक क्लबांसाठी चालायचा. पण हे डबे मुलांच्या हातात वर्षानुवर्षं फिरलेत. झाकणावर एक नंबर आणि आत भलताच संघ, किंवा सात खेळाडू एका पिढीचे आणि तीन दुसऱ्या पिढीचे, असं सर्रास सापडतं. म्हणून पिढ्या डोळ्याला ओळखू यायला हव्यात. आधी पुठ्ठ्याचे चपटे खेळाडू, मग सेल्युलॉइडचे. १९६१ मध्ये हाताने रंगवलेले उभे, त्रिमितीय खेळाडू आले आणि १९६७ पर्यंत त्यांचा 'हेवीवेट' साचा ठरला. सत्तरचं दशक संपता संपता थोडा काळ चालले ते ताठर, यंत्राने रंगवलेले. त्यांना संग्राहक 'झॉम्बी' म्हणतात. १९८० पासून 'लाइटवेट'. खेळाडू एका पिढीचा आणि खालचा बेस दुसऱ्या पिढीचा असेल, तर तो संघ मूळचा नाही. खेळायला खुशाल घ्या, पण मूळ संघाचे पैसे मोजू नका.

आता घोट्याकडे या. या खेळाडूंचं सगळ्यात नाजूक हाड तेच. सबूटिओ बरेचदा जमिनीवर मांडून खेळला जायचा आणि कुणाचा तरी गुडघा हमखास पडायचा. तुटलेला पाय डिंकाने चिकटवला, वर रंगाचा ठिपका दिला की टेबलापलीकडून काही दिसत नाही. मी एकदा हेवीवेटचा एक देखणा संघ असाच घेतला. घरी आल्यावर गोलकीपर सोडून दहाही जणांना पट्टीला लावून खांद्याला खांदा भिडवून उभं केलं, तर तिघं केसभर बुटके. तुटलेली कड घासून चिकटवली की तेवढी उंची जाते. विक्रेत्याला कदाचित ठाऊकही नसेल. तेव्हापासून ही रांग मी तिथेच, त्याच्या परवानगीने, टेबलावरच लावतो. मग छोटा टॉर्च बाजूने, आडवा धरायचा. समोरून उजेड पाडला तर काही कळत नाही. आडव्या उजेडात डिंकाची चकचकीत कडी घोट्याभोवती लगेच उठून दिसते. नंतर मारलेला रंगही तसाच कळतो: मोज्याची चमक शर्टाच्या चमकेशी जुळत नाही. पुन्हा रंगवलेला संघ हा काही गुन्हा नव्हे, कित्येकांचा हात फार सुरेख असतो. 'रंग मूळचा आहे का?' हे सरळ विचारा. बहुतेक मंडळी सरळच उत्तर देतात.

याच्या उलटी चूकही होते: 'अपुरा' म्हणून चांगला डबा सोडून देणं. सुरुवातीच्या संचात मैदान नव्हतंच. सोबत खडू यायचा आणि जुन्या लष्करी कांबळ्यावर रेघा मारायची सूचना. गोलपोस्ट तारेचे, जाळी कागदाची, बेस म्हणजे शिशाचा वॉशर लावलेलं बटण. असा डबा हाती आला तर मैदान कुठाय म्हणून विचारू नका; खडू आणि सूचनापत्रक शाबूत आहे का ते बघा. शिसं हाताळल्यावर हात मात्र धुवा.

या खेळाचे छोटे, बॅटरीवरचे फ्लडलाइट घेताना बॅटरीचा कप्पा उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. आत पांढरी-हिरवी खपली धरली असेल तर तारा आतून गेलेल्या असू शकतात.

अदलाबदलीसाठी नेताना आपल्याकडचे दुबार संघ आधीच तपासून न्या. प्रत्येक डब्यात चिठ्ठी ठेवा: कोणाचा पाय चिकटवलाय, कोण बदली आलाय. स्वतःची खोट स्वतः सांगणाऱ्याशी लोक पुढच्या वेळी आपणहून बोलतात, चांगला संघ बाजूला काढून ठेवतात. हव्या असलेल्या नंबरांची यादी खिशात असू द्या, सुट्टे पौंडही. मोबाइलवर ऑनलाइन भाव काढून विक्रेत्याच्या तोंडासमोर धरणं वाईट दिसतं. 'हे दोन्ही मिळून काय घ्याल?' एवढ्यावर भाव आपसूक खाली येतो.

परतीच्या वाटेवरही खेळाडू मोडतात. मूळ डब्याच्या खाचा सैल झालेल्या असतात, म्हणून झाकण लावण्याआधी वर टिश्यू कागदाची घडी ठेवा आणि डबा पिशवीत आडवाच न्या.

घरी आल्यावर वाकलेला प्लॅस्टिकचा खेळाडू कोमट पाण्यात मिनिटभर धरा, बोटाने हलकेच सरळ करा, मग गार पाण्यात. उकळतं पाणी नको, साबण नको, घासणं तर नकोच. हाताने दिलेला रंग खपलीसारखा सुटतो. सेल्युलॉइडच्या चपट्या खेळाडूंवर हा उपाय अजिबात करू नका. ते उष्णतेने वाकतात आणि चटकन पेट घेतात, त्यामुळे हीटर, दिवा, खिडकीतलं ऊन यांपासून लांब ठेवा. बेसमध्ये खेळाडू डुगडुगत असेल तर झटपट चिकटणारा डिंक टाळा, त्याच्या वाफेने रंगावर पांढरा धुरकट थर बसतो. पांढऱ्या फेविकॉलचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी पहिली टिचकी मारून बघा.