नागपूरच्या थंडीत ब्लँकेट वाटायला निघणार असाल तर

नाताळच्या आठवड्यात नागपुरात ब्लँकेटांचा पूर येतो. सीताबर्डीच्या पुलाखाली एकेकाजवळ तीन-तीन जमतात. मग जानेवारी लागतो, थंडी तशीच असते, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. आमच्या महिला मंडळात दरवर्षी नव्या मुली येतात, त्यांना मी हे सगळं तोंडी सांगत आले. नोकरीभर दवाखान्यात रात्रपाळ्या केल्यामुळे थंडीनं गारठलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत. यंदा लिहूनच काढलं.

आधी वेळेचं बोलू. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ तेवढंच आहे. या नियमात दयेला वेळ घालून दिलेली आहे, म्हणून मला तो फार आवडतो. रात्री अकराला, जेवणं आटोपून, गाडीतून निघणाऱ्यांना तो वाचून दाखवावासा वाटतो. फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च पडला की त्याला पोलीस आठवतो नाहीतर चोर. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ धरा. माणसं परतलेली असतात, अंथरूण घालत असतात, दोन शब्द बोलतात.

तयारी अकरा नोव्हेंबरला सुरू करा. तो संत मार्टिनचा दिवस. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर या रोमन शिपायानं तलवारीनं आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, अशी त्याची गोष्ट. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संतांचे दिवस पाळत नाहीत, पण तारीख सोयीची आहे. पहिले काही दिवस हातात काही न घेता नुसतं फिरा. स्टेशन ते टेकडी गणपती, मोरभवन बसस्थानक, मेयो आणि मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या बाहेरचा भाग बघा. मेडिकलबाहेर झोपणारे सगळे बेघर नसतात. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक असतात, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेले. त्यांनाही मोजा.

आता मुख्य गोष्ट. एका आजोबांना आम्ही दोन ब्लँकेटं देत होतो तर म्हणाले, "बाई, गार तं खालून लागते न, वरून किती घालू?" बरोबर बोलले. सिमेंटची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढते, आणि अंगाखाली दबलेलं ब्लँकेट फारसं काही अडवत नाही. म्हणून खर्च आधी खालच्या थरावर करा. सगळ्यात खाली जुनं फ्लेक्स, ओल वर येऊ नये म्हणून. नेत्यांचे वाढदिवस संपले की ते फुकट मिळतं. छापलेला चेहरा जमिनीकडे करून अंथरा. त्यावर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा, दोन थर. त्यावर सतरंजी किंवा पोत्यात भरलेले जुने कपडे. फ्लेक्स अंगावर मात्र घेऊ देऊ नका, आतून घाम धरतो आणि पहाटे माणूस ओला होतो.

ब्लँकेट गडद रंगाचं, गुंडाळून खांद्याला अडकवता येईल असं घ्या. जाडजूड रजई दिवसा ठेवायची कुठे? अतिक्रमणाची गाडी आली की पहिलं तेच जातं. कानटोपी आणि मोजे स्वस्त पडतात आणि हमखास वापरले जातात. काही जण ब्लँकेट विकतात. विकू द्या. दिलं की ते त्याचं झालं.

खायला मऊ खिचडी किंवा दाळभात न्या. भाकरी छान, पण म्हाताऱ्यांना दात नसतात. चहात साखर घालण्याआधी "शुगर आहे का?" विचारा.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे जीव जाऊ शकतो, तेव्हा हे नीट वाचा. कुडकुडणारा माणूस अजून झुंजतोय. कुडकुडणं थांबलं, बोलणं बोबडं झालं, झोकांड्या जाऊ लागल्या, की धोका. याच वेळी लोक "प्यायलाय" म्हणून पुढे जातात. आणि खरंच प्यायला असेल तर धोका जास्तच, कारण दारूनं कातडी गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. कपड्याच्या आत पोटाला हात लावा. पोटही गार लागलं तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत ओले कपडे काढा, अंगाखाली पुठ्ठा सरकवा, छाती-पोट आणि डोकं आधी झाका. हातपाय चोळू नका, दारू पाजू नका, तळव्यांना गरम पाण्याची बाटली लावू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, तरच कोमट गोड पाणी. बंद जागेत, ताडपत्रीच्या आत शेगडी पेटवलेली दिसली तर बाहेर काढायला लावा, कोळशाचा धूर झोपेतच मारतो.

निवाऱ्याचं सांगते. दर लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांसाठी बारमाही निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच राज्यांना सांगितलं आहे. मनपाच्या निवाऱ्यात सोडायची तयारी ठेवा, पण नको म्हणाला तर ओढू नका. कुणाची हातगाडी असते, कुणाचं कुत्रं, कुणाला बायकोपासून वेगळं झोपायचं नसतं. एकटं मूल दिसलं तर १०९८, निराधार म्हातारं माणूस दिसलं तर १४५६७.

ब्लँकेटाबरोबर धर्माचं पत्रक देऊ नका. यावरून आमच्यात वाद होतो, आणि मी दरवेळी भांडते. थंडीनं काकडणाऱ्या माणसाला "नको" म्हणायची सोय नसते, त्याच्या हातात आपला संदेश कोंबणं मला पटत नाही. बायबलातल्या आपल्या पत्रात याकोबानंही ऊब घ्या म्हणून नुसतं बोलणाऱ्यांनाच सुनावलंय. कुणी आपणहून विचारलं, "तुम्ही हे काहून करता?" तर सांगा, मोकळेपणानं सांगा, मग लाजू नका. फोटो अजिबात नाही. नाव विचारा, वहीत लिहा, पुढच्या खेपेला नावानं हाक मारा.

निम्मा साठा जानेवारीसाठी बाजूला ठेवा. नाताळात कितीही मोह झाला तरी त्याला हात लावायचा नाही. फेब्रुवारीच्या शेवटी उरलेली ब्लँकेटं धुऊन, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत टाका आणि चपलांची वर्गणी सुरू करा. एप्रिलमध्ये याच फुटपाथवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि मोठ्या मापाच्या चपला सगळ्यात आधी संपतात.