कळसूबाईच्या दर्शनाला जाताना

कळसूबाई म्हटले की बहुतेकांना शाळेच्या भूगोलातला आकडा आठवतो : 1646 मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. या आकड्यामुळेच शनिवार-रविवारी डोंगरावर गर्दी लोटते आणि माथ्यावर पोहोचल्यावर तिथले लहानसे देऊळ छायाचित्राची पार्श्वभूमी होऊन बसते. पायथ्याच्या बारी गावातल्या आणि भोवतालच्या वाड्यांतल्या लोकांसाठी मात्र क्रम उलटा आहे. त्यांच्या लेखी देवी आधी आहे आणि ती जिथे राहते तो डोंगर उंच आहे, इतकेच. पुढील सूचना या दुसऱ्या वाटेने, म्हणजे दर्शनासाठी जाणाऱ्यांकरिता आहेत.

जाण्यापूर्वी देवीची कथा ठाऊक असावी. कळसू नावाची कोळ्याची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली आणि ठरलेल्या कामाखेरीज दुसरे काम सांगायचे नाही, अशी अट तिने आधीच घातली, असे सांगतात. एकदा घरी पाहुण्यांची रीघ लागली, अट मोडली गेली आणि कळसू कोणाशी न भांडता डोंगरावर निघून गेली ती तिथलीच झाली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो हा डोंगर, अशी या कथेची खूण आजही दाखवतात. जिने स्वतः झाडून घेतलेला डोंगर म्हणून सांगितला जातो, त्यावर वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या टाकून तिच्यापुढे हात जोडणे मला तरी विसंगत वाटते. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा असल्याने कचऱ्याइतकीच आगीचीही काळजी घ्यावी लागते. गवत वाळल्यानंतरच्या दिवसांत उदबत्ती किंवा कापूर उघड्यावर पेटता ठेवून पुढे जाऊ नये.

दिवस निवडताना मंगळवार किंवा गुरुवार पाहावा. या दोन दिवशी देवीची पूजा होण्याची प्रथा आहे आणि मधला वार असल्याने शिड्यांवर खोळंबाही होत नाही. नवरात्रात आसपासच्या गावांतून लोक मोठ्या संख्येने, काही जण अनवाणी, वर येतात; तो सोहळा पाहण्यासारखा असला तरी पहिल्यांदा येणाऱ्याने आणि विशेषतः लहान मुले बरोबर असणाऱ्याने तो टाळलेला बरा. पावसाळ्यात धुके, निसरडा कातळ आणि माथ्यावर विजेचा धोका असतो. सप्टेंबरात पाऊस ओसरू लागला की उतार सोनकीने पिवळे होतात आणि तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिल-मेमध्ये जायचेच असेल, तर उजाडताच चढायला लागून ऊन तापण्याआधी शिड्या मागे टाकाव्यात, कारण दुपारी त्यांच्या लोखंडाला हात लाववत नाही. रात्री चढून सूर्योदय गाठण्याची हल्ली फॅशन झाली आहे. ज्यांच्या अंगणातून वाट जाते त्या बारीकरांच्या झोपेचा विचार त्यात क्वचितच कोणी करते.

मुंबई किंवा नाशिककडून येणाऱ्यांनी घोटी गाठावे. रेल्वेने आल्यास इगतपुरी किंवा कसारा येथे उतरून घोटीपर्यंत यावे लागते. घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एस.टी. बारीला थांबते. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर आणि भंडारदऱ्याचे शेंडी गाव असा रस्ता आहे. बारी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येते. मुक्काम करायचा असल्यास गावात घरगुती सोय होते, तिथे पिठले-भाकरी मिळते, आणि सकाळी लवकर निघता येत असल्यामुळे आदल्या रात्री येऊन राहणे हेच उत्तम.

ओटीचे सामान घरूनच नीट बांधून आणावे, कारण वर ऐन वेळी काही मिळेलच असे नाही. खण, नारळ, ओटीचे तांदूळ, सुपारी, हळकुंड, हिरव्या बांगड्या आणि हळद-कुंकू एवढे पुरते. साडी नेसवायची इच्छा असेल तर ती पुजाऱ्यांच्या हाती द्यावी. बांगड्या खणात गुंडाळल्या की चढताना फुटत नाहीत. नारळ शेंडी ठेवून सोललेला असावा. ओटीतला नारळ फोडायचा नसतो, म्हणून फोडण्यासाठी दुसरा घ्यावा लागतो आणि आठशे मीटरांहून अधिक चढाईत त्या दुसऱ्या नारळाचे वजन काय असते ते तिसऱ्या टप्प्यावर कळते. तेलाच्या बाटलीऐवजी तुपात भिजवलेल्या फुलवाती घट्ट झाकणाच्या डबीत घ्याव्यात. त्या सांडत नाहीत आणि गाभाऱ्यात लगेच लावता येतात. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. या सामानाखेरीज माणशी निदान तीन लिटर पाणी आणि परतीसाठी थोडे सुटे पैसे जवळ असावेत.

गावाबाहेर पडून भातखाचरांच्या बांधावरून वाट चढू लागते आणि खालच्या टप्प्यातच देवीचे एक देऊळ लागते. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा वयामुळे वर जाणे शक्य नाही, त्यांनी येथे ओटी भरावी आणि त्यात उणे मानू नये. वर जाणाऱ्यांनीही येथे थांबून नमस्कार करावा.

पुढची चढण तीन ते चार तासांची आहे. वाट ठळक असून चुकण्याची भीती फारशी नाही. कस लागतो तो कातळाच्या टप्प्यांवर, जिथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिड्या नव्हत्या तेव्हा लोक कातळातल्या खोबण्यांत पाय रोवून आणि साखळ्यांना धरून जात असत. शिडीवर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ओटीची पिशवी हातात न ठेवता पाठीवरच्या पिशवीत टाकावी. मोबाईलही खिशाच्या तळाशी जाऊ द्यावा. पुढच्या माणसाचा पाय निदान चार पायऱ्या वर गेल्यावरच आपण पहिली पायरी धरावी. उतरणारा माणूस शिडीवर असेल तर खाली कडेला उभे राहावे, कारण मध्यावर दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही. उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे; पाठ शिडीकडे करून पायऱ्या उतरल्यासारखे उतरणारे पुष्कळ दिसतात आणि पावसाळ्यात त्यांचेच पाय घसरतात. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे आणि तिच्यापाशी बहुतेक लोक विसावतात. हात, पाय आणि तोंड धुऊन पुढे जायचे असेल तर ते येथे करावे, मात्र विहिरीतले पाणी खराब होणार नाही इतके दूर सरकून.

माथा फार मोठा नाही आणि देऊळही लहान आहे. आत एका वेळी तीन-चार माणसे जेमतेम मावतात. चपला-बूट देवळाच्या दाराशी न काढता जरा लांब काढावेत, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला त्यांत अडखळावे लागत नाही. पुजारी उपस्थित असतील तर आपले सामान आधी त्यांना दाखवून ते सांगतील तसे करावे. नसतील तर फुलवात लावावी, देवीला हळद-कुंकू वाहावे, मग खणावर नारळ ठेवून त्याची शेंडी देवीकडे करावी आणि ओंजळीने तांदूळ घालून ओटी भरावी. येथे एक अनुभवाची सूचना : कुंकवाचा करंडा दारात उघडू नये. मी तो एकदा उघडला आणि वाऱ्याने निम्मे कुंकू माझ्याच सदऱ्यावर उधळले. देवीच्या वाट्याला चिमूटभरही राहिले नाही. घरूनच थोडे ओले कुंकू डबीत न्यावे, हे त्यानंतर सुचलेले शहाणपण. गाभाऱ्यात छायाचित्र काढायचे असल्यास विचारून काढावे आणि मागे लोक उभे असतील तर नमस्कार करून बाजूला व्हावे.

नारळ फोडल्यावर करवंटी तिथेच न टाकता पिशवीत घ्यावी. खोबऱ्याचे तुकडे भोवतालच्या ओळखी-अनोळखी सगळ्यांना वाटावेत. माकडांना देऊ नयेत, कारण एकदा चटक लागली की ती पुढच्या माणसाच्या ओटीवर झडप घालतात. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो, ज्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले, आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट. त्यांच्याकडे हवा तितका वेळ पाहावे, पण लाऊडस्पीकरवर गाणी लावून नव्हे. देऊळ दहा पावलांवर असते आणि आत कोणीतरी डोळे मिटून बसलेले असते.

उतरायला दोन ते तीन तास लागतात आणि खरा त्रास तेव्हाच गुडघ्यांना होतो, म्हणून काठी आणली असेल तर ती येताना वापरावी. वाटेत स्थानिकांच्या झोपड्यांत ताक किंवा लिंबू सरबत मिळाले तर ते घ्यावे आणि भावासाठी घासाघीस करू नये. तुमच्या पेल्यातले पाणी कोणीतरी डोक्यावरून तिथवर चढवलेले असते. घोटीकडे जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वेळ मात्र सकाळी चढण्याआधीच बारीत विचारून ठेवावी आणि त्यात अर्धा तास हाताशी धरावा, कारण खालच्या देवळापाशी आल्यावर तिथे राहिलेली घरातली वडीलधारी माणसे वरचा अंगारा आणि खोबरे मिळाल्याखेरीज उठत नाहीत.