वजन बदलता येणारी केटलबेल घेताना काय पाहावे
बडोद्याच्या मराठी घरांना मुद्गल नवा नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या शहरात तो अनेकांच्या घरी कोपऱ्यात उभा असतो. पण मुद्गल एकसंध लाकडाचा असतो, त्यात सुटण्यासारखे काही नसते. वजन बदलता येणाऱ्या केटलबेलमध्ये, म्हणजे वर हँडल असलेल्या व्यायामाच्या वजनात, मात्र सुट्या प्लेट असतात आणि स्विंग करताना, म्हणजे ती पायांमधून पुढे झुलवताना, हातावर येणारा ताण तिच्या वजनाहून बराच अधिक असतो. म्हणून ती किती किलोपर्यंत जाते यापेक्षा प्लेट कशाने अडकवल्या जातात, हे आधी पाहावे. जाहिरातीत ‘एकात सहा’ (एकाच केटलबेलमध्ये सहा वजने) ठळक अक्षरांत असते, लॉकचे छायाचित्र मात्र शोधावे लागते.

डायल फिरवून वजन बदलणारी केटलबेल सोयीची खरी, पण तिच्या लॉकमध्ये प्लास्टिकचे भाग किती आहेत हे विचारून घ्यावे. पोकळ लोखंडी गोळ्यात प्लेट भरून मधल्या दांड्यावर नट आवळण्याचा प्रकार वेळखाऊ असला, तरी जोरकस व्यायामाला मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. असा गोळा रिकामाही बऱ्याचदा 10-12 किलोचा असतो, त्यामुळे 8 किलोपासून सुरुवात करणाऱ्याने किमान वजन आधी वाचावे. उघड्या प्लेटांचे हँडल स्वस्त पडते, पण प्लेटांच्या कडा मनगटाला लागतात.

दुकानात केटलबेल पूर्ण भरून नव्हे, तर मधल्या वजनावर लावून हलवून पाहावी. पूर्ण भरलेल्या गोळ्यात प्लेट घट्ट बसतात आणि लॉकचा ढिलेपणा लपतो. खडखडाट झाला, तर ती घेऊ नये. मग हँडलच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. तिथे ओतकामाची धार राहिली असेल, तर तळहाताची साल निघालीच म्हणून समजा. स्पर्धेच्या केटलबेलचे हँडल साधारण 35 मिमी जाडीचे असते, त्याहून जाड हँडलवर लहान हाताची पकड लवकर थकते.

पावसाळ्यातील दमट हवेत दांड्याचे आणि नटाचे आटे गंजतात, तेव्हा अधूनमधून गोळा उघडून पुसावा आणि आट्यांना मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा, हँडलला मात्र तेल लागू देऊ नये. हादऱ्यांनी नट सैल होतो, म्हणून दर सेटपूर्वी तो तपासावा. केटलबेल फरशीवर आपटू नये आणि समोर मूल किंवा टीव्ही असताना स्विंग करू नये. नट किंवा लॉक सुटा विकत मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारावे. मिळत नसेल, तर वॉरंटी किती वर्षांची आहे याला फारसा अर्थ उरत नाही.