काजू बी कोणाकडून घ्यायची? दर विचारायच्या आधी काय काय बघायचं

मार्च लागला की वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी पट्ट्यातल्या छोट्या काजू युनिटवाल्यांचे आणि बचत गटातल्या ताईंचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, यंदा बीचा दर काय? मला विचाराल तर हा प्रश्न शेवटी यायला हवा, कारण आपण घेतो बी आणि विकतो गर, आणि या दोघांच्या मधे जे होतं तिथेच सगळे पैसे जातात.

हिशेब करून बघा. समजा एक व्यापारी १५० रुपये किलोने बी देतोय आणि तिचा उतारा, म्हणजे किलोभर बीतून निघणारा कामाचा गर, २४ टक्के आहे, दुसरा १५८ मागतोय पण उतारा २८ टक्के. पहिल्याचा एक किलो गर तुम्हाला ६२५ ला पडला, दुसऱ्याचा साधारण ५६४ ला. म्हणजे जो महाग वाटत होता तोच किलोमागे ६० रुपयांनी स्वस्त, वर बी फोडायची मजुरी पण वाचली कारण तेवढ्याच गरासाठी बी कमी फोडावी लागली. बाहेरदेशची बी विकणारे हाच उतारा पौंडात सांगतात, ४८ आउटटर्न म्हणजे ८० किलोच्या पोत्यात ४८ पौंड कामाचा गर, आपल्या भाषेत २७ टक्क्यांच्या आसपास. हे गणित पाठच करून ठेवा, फोनवर लगेच उपयोगी पडतं.

आता उतारा कळणार कसा? तो सांगेल त्यावर नाही, स्वतः फोडून. माझ्या पहिल्या सीझनला मी एका व्यापाऱ्याच्या पोत्याच्या तोंडाशी हात घालून बघितलं, बी टणक, सुकी, तो पण म्हणाला माल एक नंबर आसा, आणि घरी येऊन पोतं रिकामं केलं तर खालची अर्धी बी ओली, आठवड्यात बुरशी धरली. तेव्हापासून नियम केलाय, दर दहा पोत्यांतली निदान दोन तरी पूर्ण ओतायची, वर-मधे-खालून थोडी थोडी बी घेऊन एकत्र करायची आणि त्यातली बरोबर १ किलो मोजायची. आधी नग मोजा. वेंगुर्ला ७ या जातीची बी साधारण १० ग्रॅमची असते म्हणजे किलोत शंभरेक बसतात, गावठी बारीक असते, ती दीडशे-दोनशेच्या घरात जाते. मग सगळी फोडा, चांगला गर वेगळा, डागी वेगळा, सडका-पोकळ वेगळा. चांगल्याचं पूर्ण वजन धरायचं, डागीचं अर्धं, बाकीचं शून्य. २८० ग्रॅम आलं तर उतारा २८ टक्के, झालं. व्यापारी समोर असतानाच करा, त्यालाही मग बोलायला जागा राहत नाही. साठवायची असेल तर ओलावा ८-९ टक्क्यांच्या आसपास हवा, ओली असली तर दर कमी करून घेण्यापेक्षा सरळ परत पाठवा असं माझं स्पष्ट मत आहे.

खरेदीवाल्यांचा हा अनुभव काही आजचा नाही. १९६६ मध्ये गॅरी डिक्सन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने खरेदी अधिकाऱ्यांना विचारून पुरवठादार निवडायचे २३ निकष क्रमाने लावले होते, त्यात दर्जा पहिला, वेळेवर डिलिव्हरी दुसरी, आधीचा रेकॉर्ड तिसरा आणि किंमत पार सहावी आली. मोठमोठ्या कंपन्यांच्या माणसांनी किंमत सहावी ठेवली आणि आपण मात्र पहिला फोन दरासाठी करतो.

म्हणून दर हातात यायच्या आधीच वहीत गुण ठरवून ठेवा. माझे असे आहेत, उतारा ४०, डिलिव्हरी २५, दर २०, उधारी आणि वागणूक १५. आधी ठरवायचं कारण एकदा स्वस्त दर कानावर पडला की मन आपोआप त्याच्याच बाजूने गुण द्यायला लागतं. अर्थात सुतळी, लेबल, झाडू याला एवढं करत बसू नका, जिथे पैसा जास्त जातो किंवा जो माल नसेल तर युनिट बंद पडेल तिथेच हा घाम गाळायचा.

कागद बघायला दहा मिनिटं लागतात. जीएसटी नंबर १५ अक्षरी, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, पोर्टलवर टाकला की तो रिटर्न भरतो की नाही तेही दिसतं. शेतकऱ्याकडून थेट बी घेतली आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, तुम्हालाच भरावा लागतो, तो हिशेबात धरून मगच दोघांची तुलना करा. आणि पाकिटावर वेंगुर्ला काजू म्हणून जीआय (भौगोलिक मानांकन) लावणार असाल तर बी कुठल्या बागेतली हे लेखी हवं, आफ्रिकेची बी मिसळलेली चालणार नाही.

पॅकिंगवाल्याकडे वेगळाच प्रश्न. छापील पाऊचला प्रत्येक रंगाचा एक छपाईचा सिलेंडर (साचा) बनतो आणि त्याचे पैसे आपणच भरतो, पण तो राहतो त्यांच्याकडे. पहिल्याच ऑर्डरला लिहून घ्या की सिलेंडर आमचे, उद्या दुसरीकडे छपाई करायची झाली तर द्यावे लागतील. हे न लिहिल्यामुळे बरेच जण एकाच प्रिंटरला बांधले जातात.

सगळं एकाकडूनच, हे कोकणात तर नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतला, गोदामांतला माल गेला, आणि ज्यांचा सगळा माल तिथूनच यायचा त्यांचंही काम अडलं. पावसात घाटात दरड आली तर कोल्हापूरहून निघालेले बॉक्स कधी पोचतील सांगता येत नाही. म्हणून साधारण ७०-३० करा, मोठा वाटा चांगल्याला, छोटा दुसऱ्याला, आणि हा दुसरा घाटावरचा असेल तर पहिला घाटाखालचा बघा. गणपतीच्या ऑर्डरचं पॅकिंग मेअखेर घरात आलेलं असू दे.

नवीन माणसाला पहिल्यांदा पाचच पोती सांगा, पूर्ण सीझन नाही. पैसे मात्र ठरल्या दिवशी द्या. समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, उशीर झाला तर व्याज चढतं. आमच्याकडे बागवाल्याला वजन झालं की त्याच संध्याकाळी पैसे देतो, त्यामुळे पुढच्या वर्षी झाडावर बोंडू दिसायला लागले की तोच फोन करून विचारतो, बी तुमच्यासाठी ठेवू ना?